बाळंतिणीची डोकेदुखी, आजींची नाडी आणि लकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२९ ऑक्टोबरला जागतिक स्ट्रोक दिन असतो, स्ट्रोक म्हणजे आपला लकवा, त्या निमित्तानं आपल्या पेपरात अर्धं पान आलं होतं. चेहरा वाकडा होणं, हात लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं, साडेचार तासांच्या आत दवाखाना, सगळं नीट दिलं होतं आणि मी ते कापून घराच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवलंय. पण त्यातला फोटो बघून राहवेना म्हणून लिहायला बसले. फोटोत साठीचे एक काका कपाळाला हात लावून बसलेत आणि शेजारी त्यांची बायको पाण्याचा ग्लास घेऊन घाबरून बघतीय, आणि खाली जी कारणं दिलीत ती सगळी त्या काकांचीच, बीपी, सिगारेट, दारू, कामाचं टेन्शन. त्या बायकोला स्वतःला लकवा होऊ शकतो का, कुठल्या वयात, कशानं, याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली २० वर्षं कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटचे व्यायाम घेते. हाच आठवडा सांगते. सोमवारी सकाळी उचगावात ४६ वर्षांचे एक दादा, फाउंड्रीत कामाला होते. तिथनं शिवाजी पेठेत ७९ वर्षांच्या आजी. दुपारी पन्हाळ्याच्या बाजूला एका वाडीत २३ वर्षांची पोरगी, पहिलटकरीण, तीन महिन्यांचं बाळ पदरात. तिघांच्याही गल्लीत लोक एकच म्हणतात, अंगावरनं वारं गेलं. पण तिघांच्या डोक्यात जे झालं ते वेगळं, ज्यामुळं झालं ते वेगळं आणि औषध तर इतकं वेगळं की या एकाचं औषध त्या दुसऱ्याला दिलं तर जिवावर बेतेल.

आमच्याकडं ऊस सगळ्यांना कळतो म्हणून मी पेशंटच्या घरी तसंच सांगते. पाटात काहीतरी अडकून पाणी तुंबलं की पुढची सरी वाळती, आणि पाट फुटला तर पाणी नको तिथं घुसून पीक कुजतं. मेंदूत पण तसंच, रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढचा भाग रक्ताविना मरायला लागतो आणि रक्तवाहिनी फुटली की रक्त आत साचून मेंदू दाबतं. आपल्याकडं साधारण दहातले सात-आठ स्ट्रोक गुठळीचे असतात, बाकीचे रक्तस्रावाचे. बाहेरनं बघून यातला कुठला ते डॉक्टरला पण ठामपणे सांगता येत नाही, सीटी स्कॅन लागतोच, म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी जिभेखाली ठेवायला जाऊ नका. पाटच फुटलेला असेल तर आगीत तेल.

उचगावच्या दादांचं रक्तवाहिनी फुटलेलं. चाळिशीत बीपी सापडलं होतं, दोन महिने गोळी घेतली, बरं वाटलं, सोडली, कारण कुणीतरी सांगितलं की गोळीची सवय लागती. बीपी दुखत नाही हो, तीच तर अडचण आहे. भट्टीजवळची ड्युटी, त्यात नाईट शिफ्ट, तंबाखूचा बार दिवसातनं आठ-दहा वेळा आणि जेवणात खर्डा-लोणचं-पापड म्हणजे मीठ किती ते विचारायला नको. वाढलेलं बीपी वर्षानुवर्षं मेंदूच्या अगदी आतल्या बारीक वाहिन्यांना झिजवत राहतं आणि एक दिवस त्यातली एक फुटती. चाळीस ते साठ या वयात लकवा पुरुषांना बायकांपेक्षा जास्त होतो आणि त्यात फुटण्याचं प्रमाण पण पुरुषांत जास्त, हे खरंय. यातलं काही शरीराचंच आहे, कारण पाळी चालू असेपर्यंत बायकांना इस्ट्रोजेन या हार्मोनचं थोडं संरक्षण मिळतं, आणि बरंचसं तंबाखू-दारू आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्यांचं आहे. शिवाय आपल्याकडं लकवा गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी येतो, म्हणजे ऐन कमावत्या वयात. दादांच्या घरात एकटे तेच कमावणारे होते. पोरगं अकरावी सोडून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जायला लागलंय.

तरुण पुरुषांचं अजून एक सांगते कारण ते माझ्याच धंद्याशी संबंधित आहे. दाढी-कटिंग झाली की मान दोन्हीकडं कडकड मोडून घ्यायची सवय आपल्याकडं फार आहे. मानेतनं मेंदूला जाणाऱ्या वाहिन्यांना अशा झटक्यानं आतनं चीर पडू शकते आणि तिथं गुठळी धरून तिशीतल्या धडधाकट माणसाला लकवा होऊ शकतो. सगळ्यांना होतो असं नाही, क्वचितच होतो, पण झाला तर आयुष्य उलटं होतं. तालमीतल्या पोरांनी पण मानेला मार बसल्यावर एका बाजूनं मान-डोकं दुखत राहिलं आणि चक्कर यायला लागली तर तेल चोळून गप बसू नये, दाखवून घ्यावं.

आता शिवाजी पेठेतल्या आजी. पंचावन्नच्या पुढं दर दहा वर्षांनी स्ट्रोकचा धोका साधारण दुप्पट होत जातो, तो दोघांनाही, पण बायका जास्त जगतात, म्हणून म्हातारपणी लकवा झालेल्यांत बायकाच जास्त दिसतात. पाळी गेल्यावर ते इस्ट्रोजेनचं संरक्षण जातं, बीपी चढायला लागतं, आणि त्या वयाला नवरा बहुतेक नसतो, म्हणजे रात्री काय झालं ते बघायला पण खोलीत कुणी नसतं. आजी रात्री दहाला वरच्या खोलीत झोपायला गेल्या आणि सकाळी सातला सून चहा घेऊन गेली तर उजवी बाजू गेलेली, बोलणं बंद, नुसत्या डोळ्यांतनं पाणी. कधी झालं कुणाला माहीत? वेळ मोजायची तर शेवटचं धड कधी बघितलं तिथनं मोजतात, म्हणजे नऊ तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, ते हुकलं. मोठ्या वाहिनीतली गुठळी तार घालून काढतात, ते निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करता येतं, पण त्यांचा मेंदूचा बराच भाग तोपर्यंत गेलेला.

आणि मूळ कारण काय, तर हृदयाचे ठोके. आजी वर्षभर म्हणत होत्या की छातीत फडफडतंय, दम लागतोय, आणि घरात सगळे म्हणत होते ॲसिडिटी आहे, वय झालंय. दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा कळलं की एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळायचा सोडून नुसता थरथरत असतो, त्यात रक्त साकळतं, गुठळी धरती आणि ती सुटून थेट मेंदूत जाती. यानं स्ट्रोकचा धोका पाचपट होतो. ही गुठळी मोठी असती, मोठ्या वाहिनीत बसती, म्हणून लकवा पण मोठा येतो, एका दमात अर्धं अंग आणि बोलणं दोन्ही जातं. म्हाताऱ्या बायकांचे स्ट्रोक जास्त गंभीर असतात आणि त्या कमी सावरतात याचं एक मोठं कारण हे आहे. यासाठी वेगळी रक्त पातळ करायची औषधं असतात, साधी ॲस्पिरिन पुरत नाही. पण औषध नंतरचं, आधी सापडायला तर पाहिजे. आणि सापडणं अवघड नाही हो. मनगटाला अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून एक मिनिट नाडी बघायची, ठोके एका लयीत पडतायत का वेडेवाकडे, एवढंच. वेडेवाकडे वाटले की ईसीजी. नातवंडं आजीचा मोबाईल रिचार्ज करतात, त्यांना हे पाच मिनिटांत शिकवता येतं, मी शिकवते.

हाच प्रकार कमी वयाच्या बायकांत पण दिसतो, लहानपणी सांधे सुजून ताप आलेला असतो आणि हृदयाची झडप खराब झालेली असते. पोरगी लग्न होऊन जाते, बाळंतपणं होतात, दम लागतो म्हटलं की अंगात रक्त कमी आहे म्हणतात, आणि पस्तिशीत लकवा झाल्यावर कळतं की झडप आकसलीय. अशा दोघीजणी माझ्याकडं होत्या.

आता त्या वाडीतल्या पोरीचं. हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

बारशाच्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. माहेरीच होती. घरात माणसं, पाळणा, गडबड, तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उलट्या. घरात म्हणाले वारं लागलं, कानाला फडकं घट्ट बांधलं, शेगडी वाढवली, खिडकी लावली, आणि पाणी, पाणी तर आधीपासनंच तोडलेलं, कारण बाळंतिणीनं जास्त पाणी प्यालं की पोट सुटतं आणि बाळाला सर्दी होती असं समजतात. तिला दिवसाला जेमतेम दोन-तीन वाट्या कोमट पाणी मिळत होतं, बाळाला पाजत असताना. तिची आजी फार मायेची बाई आहे, तिनं जे केलं ते तिच्या आईनं तिला केलं तेच केलं, मी तिला बोल लावत नाही. चौथ्या दिवशी एका ठिकाणी दाखवलं, साधा सीटी केला, त्यात काही दिसलं नाही, डोकेदुखीची गोळी देऊन घरी पाठवलं. कुणीतरी बाहेरचं असंल म्हणून अंगारा पण आणला. सहाव्या दिवशी झटके आले आणि डावा हात-पाय गेला.

याला सेरेब्रल व्हेनस थ्रॉम्बोसिस म्हणतात, डॉक्टर सीव्हीटी म्हणतात. यात मेंदूला रक्त नेणारी नाही, मेंदूतनं रक्त परत आणणारी शीर तुंबते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा-एक आठवडे बाईचं रक्त मुळातच लवकर साकळणारं झालेलं असतं, बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून शरीरानंच केलेली ती सोय आहे. त्यात पाणी तोडलं, ताप आला, अंगात रक्त कमी असलं की ती सोय उलटते. एकूण स्ट्रोकमध्ये हा प्रकार थोडाच, शंभरात एखादा, पण होतो तो तरुण बायकांना पुरुषांच्या कितीतरी जास्त. आणि याची सुरुवात चेहरा वाकडा होऊन होत नाही, म्हणूनच तुमच्या पानावरची ती चेहरा-हात-बोलणंवाली यादी इथं उशिरा कामाला येती. इथं आधी डोकं दुखतं, रोज थोडं जास्त, आडवं पडलं की अजून वाढतं, उलट्या, डोळ्यांपुढं धुरकट, मग झटके, आणि मग कुठं हात-पाय. साध्या सीटीत कधीकधी दिसत पण नाही, शिरांचा वेगळा एमआरआय नाहीतर सीटी काढावा लागतो. दिलासा एवढाच की वेळेत रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली तर यातल्या बहुतेक जणी चांगल्या सावरतात. ही पण सावरतीय. सोमवारी तिनं डाव्या हातानं बाळाचं टोपडं बांधलं, गाठ सैल पडली पण बांधलं.

आणि तिथं माझ्या लक्षात आलं की आम्ही फिजिओ, नर्स, डॉक्टर सगळे लकव्याबद्दल बोलतो ते लकवा झाल्यावर, पण बाळंतिणीच्या खोलीत कुणी बोलतच नाही. तिथं लकवा हा शब्द पण अशुभ.

नुकतंच नवरात्र होऊन गेलं म्हणून अजून एक लिहिते. अंबाबाईचे नऊ दिवस, त्याआधी गौरी-गणपती, घरात पूजा, मग पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधनं न विचारता आणल्या जातात, जाऊ एकीला देते, नणंद दुसरीला. या हार्मोनच्या गोळ्या आहेत, काही जणींत यांनी आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. जिला अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी रेषा नाहीतर चमक दिसते तिनं, आणि जिला बीपी आहे किंवा जिच्या पायात आधी कधी गुठळी झालीय तिनं, डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काही घेऊच नये. देवीला चार दिवस लांबनं हात जोडले तर चालतात असं मी माझ्या वहिनीला सांगितलं तर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, तरी मी सांगत राहणार.

मिश्रीचं पण कुणी लिहीत नाही. दवाखान्यात डॉक्टर विचारतात व्यसन काय, आणि बाईच्या आधी नवराच उत्तर देतो, न्हाई ओ, तिला कसलंबी न्हाई. आणि त्याच बाईच्या मोरीच्या कट्ट्यावर मी मिश्रीची डबी बघितलेली असते. तीस-तीस वर्षं दिवसातनं चार-पाच वेळा भाजलेला तंबाखू हिरड्यांना चोळायचा हे व्यसन नाही तर काय आहे? ती दात घासायची पावडर समजली जाते म्हणून कागदावर कधी येत नाही. बिनधुराचा तंबाखू पण स्ट्रोकला कारण ठरतो. तसंच बाळंतपणात बीपी वाढलं होतं का हा प्रश्न. ज्या बाईला गरोदरपणी बीपी वाढून पायावर सूज, लघवीतनं प्रोटीन असं झालेलं असतं तिला पुढं आयुष्यात स्ट्रोकचा धोका जवळपास दुप्पट असतो, पण बाळंतपण सुखरूप झालं की ती फाईल कपाटात जाते आणि वीस वर्षं तिचं बीपी कुणी मोजत नाही. शुगरचं पण बायकांना वाईट, शुगर असलेल्या पुरुषाचा धोका जितका वाढतो त्यापेक्षा शुगर असलेल्या बाईचा जास्त वाढतो.

पन्नाशीच्या पुढं बायकांत अजून एक दिसतो, मेंदूच्या वाहिनीला आलेला फुगा फुटणं, हा पण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. त्याची खूण एकच, क्षणात डोक्यात वीज पडल्यासारखी वेदना, आयुष्यात कधी झाली नाही अशी. पित्त म्हणून सरबत करत बसायचं नाही, गाडी काढायची नाहीतर १०८ ला फोन करायचा. चंदगडहून कोल्हापूर गाठायला अडीच-तीन तास जातात, त्यात घरात विचार करण्यात दोन तास गेले तर साडेचार तासांतलं उरलं काय? आणि विचार करण्यात वेळ बायकांचाच जास्त जातो हे मी शपथेवर सांगते. घरातला कर्ता पुरुष पडला की गल्ली गोळा होते. बाई पडली की आधी तिला झोपवतात, थकली असंल म्हणून. त्यात बायकांच्यात कधीकधी हात-पाय जायच्या आधी नुसतं गोंधळल्यासारखं, अशक्त, चक्कर असं होतं, मग तर अजूनच कुणी मनावर घेत नाही.

आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला दारात येतात, बीपी-शुगर तपासायला बोलावतात, तेव्हा बायका म्हणतात मला काय झालंय, ह्यांचं बघा. मागच्या संक्रांतीला आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला मी बीपीचं मशीन घेऊन बसले होते. निम्म्याहून जास्त जणींनी शेवटच्या बाळंतपणानंतर बीपी मोजलंच नव्हतं, आणि एक काकू तर १८० च्या वर बीपी घेऊन तिळगूळ वाटत फिरत होत्या, डोकं पण दुखत नव्हतं. त्या आता रोज गोळी घेतात आणि दिसलं की हाताला धरून सांगतात, चालू हाय बरं का, सोडलेली न्हाई.

तर संपादक साहेब, मागणं एवढंच की पुढच्या ऑक्टोबरची वाट न बघता संक्रांतीच्या पुरवणीत यावर एक पान द्यावं. त्यात काकांचा फोटो असू दे, पण एका आजीचा आणि एका बाळंतिणीचा पण द्या. बाळंतिणीला तहान लागेल तेवढं पाणी द्या आणि तिचं डोकं दोन दिवसांच्या वर दुखलं तर दाखवा, ही ओळ मोठ्या अक्षरात छापा, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या, कारण ती वाचायला पाहिजे ती आजीनं. नाडी कशी बघायची त्याचं चित्र मी काढून पाठवते, आमच्या शेजारचा मुलगा चांगली चित्रं काढतो, त्याच्याकडनं करून घेते. मजकूर तपासायला ओळखीतल्या न्यूरॉलॉजिस्ट डॉक्टरांना विनंती केलीय, ते हो म्हणालेत.

आपली नियमित वाचक,
एक फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी, कोल्हापूर